अर्धशिशी

अर्धशिशी म्हणजे बहुधा डोक्याच्या एकाच बाजूला ठणके मारत उठणारी, पुन्हा पुन्हा येणारी डोकेदुखी. डॉक्टर तिला मायग्रेन म्हणतात, आयुर्वेदात तिचे नाव अर्धावभेदक. मायग्रेन या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थही ‘अर्धी कवटी’ असाच आहे. उपचार न केल्यास एक झटका ४ ते ७२ तास टिकतो. त्यात मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, जिना चढला तरी ठणका वाढतो. हा आजार घराण्यात चालत येतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट आढळतो.

पुण्यातल्या किती तरी घरांत त्याला त्याचे नावच मिळत नाही. ‘पित्तानं डोकं उठलंय’ असे म्हणून विषय संपतो. उलटी होते आणि उलटीनंतर अनेकांना हलके वाटते, म्हणून तसे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात झटका मेंदूत सुरू होतो आणि त्यामुळे जठराचे काम मंदावते. मळमळ हा त्याचा परिणाम. कोणी सायनस समजून वाफारे घेते, कोणी चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून येते. या चुकीच्या नावांपायी बाईची उमेदीची वर्षे अंधाऱ्या खोलीत, कपाळावर सुंठीचा लेप लावून आणि ओढणी आवळून जातात. याची हळहळ वाटते, कारण आज उपाय आहेत.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतात ती त्याच्यावरची आवरणे आणि तिथल्या रक्तवाहिन्या. चेहऱ्याची व डोक्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल मज्जातंतू उद्दीपित झाली की तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य सुटते आणि ठणका सुरू होतो. काही रुग्णांना आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमचमत्या रेषा दिसतात. ५ ते ६० मिनिटांच्या या अवस्थेला ऑरा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकणारी लाट हे तिचे कारण मानतात. अशी लाट ब्राझीलचे शास्त्रज्ञ लिआओ यांनी १९४४ मध्ये प्राण्यांच्या मेंदूत नोंदवली होती. सीजीआरपीचा उलगडा करणाऱ्या चार संशोधकांना २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला.

झटका ओढवणाऱ्या गोष्टी माणसागणिक वेगळ्या असतात: उपाशी राहणे, जागरण, ऊन, पाळीचे दिवस, उग्र वास, काहींना डोक्यावरून अंघोळ. हरतालिकेला यांतल्या बऱ्याच एकत्र येतात. निर्जळी उपवास, रात्रीचे जागरण, आणि पहाटे उठून गणपतीच्या नैवेद्याला मोदकांची उकड काढायची. दुपारी आरतीच्या झांजा कानशिलात घुसू लागल्या की ती बाई मुकाट्याने आतल्या खोलीत जाऊन पडते आणि घरचे म्हणतात, दगदग झाली. विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरचे ढोलताशे तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाहीत. उपवास सोडा असे कोणाला सांगायचे नाही. पण अर्धशिशी असलेल्या बाईने पाणी आणि दोन घास घेतले तर घरातल्या वडीलधाऱ्यांनीच तिची बाजू घ्यावी.

गोळी ठणका सुरू होताच घ्यावी. उशीर झाला की मंदावलेले पोट ती नीट शोषत नाही. म्हणून डॉक्टर सोबत उलटीचे औषध देतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा नेप्रोक्सेनने भागले नाही तर सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान औषधे आहेत. हृदयविकार असल्यास ती चालत नाहीत. महिन्यातले चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील तर प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट अशी प्रतिबंधक औषधे देतात. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना आणि टोपिरामेट गरोदरपणात टाळतात. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तेवढ्यात अनेक जण कंटाळून ती सोडतात. सीजीआरपी रोखणारी इंजेक्शने २०१८ पासून आली. ती महाग आहेत.

महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ डोके दुखत असेल आणि त्यांतल्या किमान ८ दिवशी अर्धशिशीची लक्षणे असतील तर ती जुनाट अर्धशिशी. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखे, उलटीशिवाय दुखणारे डोके बहुधा तणावजन्य असते. तिसरा प्रकार गोळ्यांनीच आणलेला. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ दिवस, किंवा ट्रिप्टान व मिश्र गोळ्या १० दिवस, असे महिनोन्‌महिने चालले की औषधच रोजची डोकेदुखी होऊन बसते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पट्टी आणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. कालनिर्णयच्या चौकोनात दुखल्याच्या दिवशी फुली आणि गोळीच्या दिवशी टिंब मारले तरी दोन महिन्यांत हिशेब डोळ्यांसमोर येतो. संकष्टी, एकादशी तिथेच छापलेल्या असतात. ते पान डॉक्टरांकडे न्यावे.

ऑरा असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी तसे सांगावे. त्यांना पक्षाघाताचा धोका वाढतो. क्षणात उठलेली, आजवर कधीच न अनुभवलेली तीव्र वेदना, तापासोबत ताठलेली मान, हातापायातला जोर जाणे, बोबडी वळणे किंवा डोक्याला मार लागल्यावरचे दुखणे असेल तर बाम चोळत बसू नये; ससूनमध्ये किंवा जवळ असेल त्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात लगेच जावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही तपासल्याशिवाय अर्धशिशी म्हणून सोडून देऊ नये.