लाख रुपयांची गाडी आणि शेजाऱ्यांची नजर

टाटा मोटर्सची लाख रुपयांची नॅनो का चालली नाही हे समजून घ्यायचं, तर आधीच्या पिढीने गाडी कशासाठी घेतली ते पाहावं लागतं. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली, आणि पगारदार माणसालाही चारचाकीचं स्वप्न पडू लागलं. ती गाडी लहान होती, पण तिला कुणी गरिबाची गाडी म्हटलं नाही. नारळ फोडून, हार घालून, सोसायटीत पेढे वाटून ती दारात यायची, कारण घर एक पायरी वर चढल्याचा तो पुरावा होता.

पावसात एका स्कूटरवर दाटीवाटीने निघालेलं कुटुंब पाहून रतन टाटांना नॅनो सुचली. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत ती जगासमोर आली. ६२४ सीसीचं इंजिन मागे, प्रत्येक चाकाला तीनच नट, पुढे एकच वायपर. कमी पैशात चौघांना डोक्यावर छप्पर देणारी ही रचना मला आजही थोर वाटते. पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने अडचण तिथेच होती: वाचवलेला प्रत्येक रुपया बाहेरून दिसत होता. सुरुवातीच्या मॉडेलचं मागचं, डिकीचं दारही उघडत नसे.

२००९ मध्ये दोन लाखांवर नोंदण्या झाल्या खऱ्या. कारखाना पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातमधल्या साणंदला हलवताना वेळ गेला, काही गाड्यांनी पेट घेतला, त्याचाही फटका बसला. तरी मोठं नुकसान 'सर्वांत स्वस्त' या ओळखीनेच केलं, असं माझं मत आहे. ज्याला स्कूटरवरून वर यायचं होतं, त्याला खिशाची मर्यादा चारचौघांत मिरवायची नव्हती. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची. सर्वांत चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, खपल्या जेमतेम ७४ हजार. २०१३ मध्ये रतन टाटांनीही मान्य केलं की स्वस्त म्हणून विकणं दुर्दैवी ठरलं. पुढे पॉवर स्टिअरिंग आलं, मागचं दार उघडू लागलं, पण लोकांचं मत बनून गेलं होतं.

त्याच कंपनीने २०१६ मध्ये टियागो ही छोटी गाडी आणली, तेव्हा जाहिरातीत किंमत नव्हे, तर फुटबॉलपटू लिओनेल मेस्सी पुढे होता.