नीरेच्या नकारामागचा इतिहास : शांतारामबापूंचे विवाहविषयक सुरुवातीचे चित्रपट

खानदेशात लग्न ठरले असे सांगायचे, तर ‘मुलीला कुंकू लागले’ एवढेच म्हटले तरी पुरते. पाहुणे येतात, सुपारी फुटते, मुलीला पाटावर बसवतात आणि वडीलधाऱ्या बायका तिच्या कपाळी कुंकू लावून ओटीत नारळ घालतात. अहिराणीत या शब्दावरचा अनुस्वारही गळतो आणि उरते नुसते ‘कुकू’. या सगळ्या विधीत मुलगी एकही शब्द बोलत नाही आणि तिने बोलावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. मुंबई-पुण्याप्रमाणेच धुळे, जळगाव, अमळनेरच्या माणसांनाही ओळखीचा असलेला हाच शब्द व्ही. शांताराम यांनी १९३७ साली आपल्या चित्रपटाचे नाव म्हणून घेतला आणि ज्या कपाळी ते लावले जाते, त्या मुलीला बोलते केले. ‘कुंकू’ आणि त्यानंतरचा ‘माणूस’ या चित्रपटांकडे आज केवळ जुन्या अभिजात कलाकृती म्हणून पाहिले जाते. मात्र ते ज्या वादातून जन्मले, तो वाद त्यांच्या आधी निदान पन्नास वर्षे न्यायालयात, रंगभूमीवर आणि कायदेमंडळात चालू होता. तो समजून घेतल्याशिवाय ‘कुंकू’ची नायिका नीरा हिच्या नकाराचे वजन लक्षात येत नाही.

वादाची सुरुवात रखमाबाईंपासून धरणे योग्य ठरेल. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पती दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा पर्याय पुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले आणि रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. त्यांचा मुद्दा साधा होता : ज्या लग्नाला मी समजून-उमजून होकार दिला नाही, ते माझ्यावर बंधनकारक कसे? या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले नाही आणि त्यानंतर झालेल्या कायद्यांनीही तो बाजूलाच ठेवला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचे वय दहावरून बारावर नेले. १९२९ चा शारदा कायदा, म्हणजे बालविवाह प्रतिबंधक कायदा, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला आणि लग्नासाठी मुलीचे किमान वय १४ व मुलाचे १८ ठरले. पहिल्याच्या नावात ‘संमती’ असली, तरी या दोन्ही कायद्यांचा हिशेब वयाचा होता. मुलीला विचारले की नाही, हे त्यांत कोठेही तपासले जात नव्हते.

शारदा कायद्याच्या आणखी दोन मर्यादा या विषयाशी थेट जोडलेल्या आहेत. पहिली अशी की, कायदा मोडून केलेल्या लग्नाबद्दल शिक्षा होती, पण ते लग्न रद्द होत नव्हते. दुसरी अशी की, वराच्या वयाला खालची मर्यादा होती, वरची नव्हती. साठीच्या विधुराने पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, तर कायद्याला त्यात वावगे काही दिसत नव्हते. शिवाय हा कायदा ब्रिटिश हद्दीपुरता होता, आणि खानदेशाच्या दक्षिणेस निजामाचे राज्य, उत्तरेस होळकरांचे संस्थान आणि पश्चिमेस बडोदेकरांचा मुलूख होता. हद्द ओलांडायची, तर इथून फार लांब जावे लागत नव्हते.

जरठ-कुमारी विवाहाचा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले होते. पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप आणि बोहल्यावर चढायला आतुर झालेला वृद्ध ही जोडी त्यानंतर घराघरांत ठाऊक झाली. ‘शारदा’ची उंची मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. त्या नाटकातले लग्न पूर्ण होण्याआधी मोडते, आणि तेही वधू-वर सगोत्र निघाल्यामुळे. मुलीची सुटका होते ती शास्त्राच्या आधाराने, तिच्या नकाराच्या बळावर नव्हे. लग्न लागूनच गेले असते तर काय झाले असते, या प्रश्नापाशी नाटक पोहोचत नाही. शांतारामबापूंचा चित्रपट नेमका तिथून पुढे चालू होतो, आणि माझ्या मते त्याचे खरे मोठेपण यातच आहे.

तिथवर यायला शांतारामबापूंना दहा वर्षे लागली. १९०१ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला हा तरुण बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकला, त्यांच्या ‘सावकारी पाश’मध्ये त्याने शेतकऱ्याची भूमिका केली आणि १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्याने प्रभात फिल्म कंपनी उभी केली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून प्रभात बोलू लागली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. सुरुवातीचे विषय पौराणिक, ऐतिहासिक आणि संतांचे होते. स्त्रीच्या हक्काचा प्रश्न प्रथम उघडपणे आला तो १९३६ च्या ‘अमरज्योती’मध्ये, पण तोही काल्पनिक राज्याच्या आडून. त्यातली दुर्गा खोटे यांची सौदामिनी मुलाचा ताबा मागते, पत्नी ही पतीची दासी आहे असे सांगून तिची मागणी फेटाळली जाते आणि ती समुद्रावर बंड पुकारते. जहाजे आणि तलवारी असल्यामुळे प्रेक्षकाला त्यात अद्भुतरम्यतेचा आनंद मिळाला. आपल्या माजघराशी याचा काही संबंध आहे, असे मात्र त्याला वाटण्याचे कारण नव्हते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी उपस्थित होते आणि साने गुरुजींसारखे कार्यकर्ते त्यासाठी राबले होते. या अधिवेशनाचा प्रभातच्या कथानकाशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या वर्षांत खेड्यातल्या बाया-माणसांनी गाड्या जुंपून सभेला जावे, अशी हवा तयार झाली होती, त्याच वर्षांत ‘कुंकू’ आला हे ध्यानात ठेवायला हवे.

‘कुंकू’ची कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेली आहे. आईबापांविना मामा-मामीकडे वाढलेल्या नीरेचे लग्न फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी, लावले जाते. घरात तिच्या बरोबरीची सावत्र मुले आहेत. लग्न लागले, कुंकू लागले, मंगळसूत्र गळ्यात पडले. यानंतर नीरा एकच गोष्ट करते : या माणसाला ती नवरा म्हणून मान्य करत नाही. ती पळून जात नाही, विहीर जवळ करत नाही, माहेरी जाण्याचा तर प्रश्नच नाही. त्याच घरात, त्याच छपराखाली राहून ती रोज नकार देते. रखमाबाईंनी न्यायालयात जे म्हटले, ते नीरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणते. वयाचा हिशेब करणारे कायदे जिथे थांबले होते, त्याच्या पुढचे हे पाऊल होते.

चित्रपट हे सांगतो तो भाषणांपेक्षा वस्तूंच्या साह्याने. काकासाहेबांच्या घरातले भिंतीवरचे जुने घड्याळ त्यातल्या एखाद्या पात्राइतके महत्त्वाचे आहे. त्याच्या टोल्यांबरोबर आणि थांबण्याबरोबर म्हाताऱ्याचे वय आपल्याला ऐकू येते. आरशासमोर उभे राहिले की त्याला स्वतःची नजर चुकवता येत नाही. शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले आणि दृश्यात असलेल्या वस्तूंच्याच आवाजांवर भर दिला. केशवराव भोळे यांच्यासारखा जाणता संगीतकार हाताशी असताना हा संयम पाळणे सोपे नव्हते. खानदेशातल्या जुन्या वाड्यांत ज्यांनी दुपारच्या शांततेत लंबकाचा आवाज ऐकला आहे, त्यांना या घरातली घुसमट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. अशाच एका वाड्यात माझे बालपण गेले. घड्याळाला चावी देण्याचा मान घरातल्या सर्वांत मोठ्या पुरुषाचा असे, त्यामुळे ते घड्याळ बंद पडण्याचा अर्थ मला चित्रपट पाहताना एकदम कळला.

भूमिकांची निवडही पार्श्वभूमीचाच भाग आहे. केशवराव दाते यांनी काकासाहेब खलपुरुष होऊ दिले नाहीत. ते सुशिक्षित आहेत, समाजात त्यांना मान आहे, आणि म्हणूनच त्यांची चूक अधिक बोचते. त्यांच्या विधवा, समाजकार्य करणाऱ्या मुलीच्या भूमिकेसाठी शांतारामबापूंनी शकुंतला परांजपे यांना घेतले. रँग्लर परांजपे यांची ही कन्या केंब्रिजला गणित शिकलेली आणि र. धों. कर्वे यांच्यासह संततिनियमनाच्या प्रचारात उतरलेली होती. १९३७ च्या प्रेक्षकाला पडद्यावर नुसते पात्र दिसत नव्हते. ज्या विषयांवर उघड बोलणेही निषिद्ध होते, त्यांवर लिहिणारी-बोलणारी खरी स्त्री दिसत होती. नीरा झालेल्या शांता आपटे यांचा बाणाही काही वेगळा नव्हता. १९३९ मध्ये कराराच्या वादातून त्यांनी प्रभातच्या दारातच उपोषण केले.

शेवट मात्र मला आजही पटत नाही. काकासाहेबांना आपला अपराध उमगतो आणि नीरेला मोकळे करण्यासाठी ते जीवन संपवतात. तिचा नकार इतका ठाम असूनही तिची सुटका अखेर पुरुषाच्या पश्चात्तापावर आणि मरणावर अवलंबून राहते. मात्र याचा सगळा दोष कथेला देणे अन्यायाचे होईल. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या हिंदूंसाठी घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा नव्हता. शेजारच्या बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये तो केला होता, पण पुण्यातल्या वकिलाच्या घरात त्याचा काय उपयोग? काकासाहेब स्वतः वकील आहेत आणि नीरेला सोडवण्याचा मार्ग त्यांच्याही पुस्तकांत नाही, यापेक्षा त्या कायद्यावर कठोर टीका दुसरी नसेल.

खानदेशी प्रेक्षकाच्या दृष्टीने इथे एक वेगळीच गुंतागुंत होती. इथल्या अनेक शेतकरी समाजांत काडीमोड होत असे, आणि विधवेचा किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे. कोणी त्याला मोहतूर म्हणत. सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची रीत होती आणि बाईने नवरा सोडला, तर देज परत करून प्रकरण पंचांसमोर मिटे. म्हणजे पांढरपेशा घरातल्या नीरेला जो दरवाजा बंद होता, तो गावकुसातल्या पुष्कळ बायांना किलकिला तरी होता. पण तो दरवाजा उघडण्याचा अधिकार बहुधा पंचांच्या, बापाच्या किंवा भावाच्या हाती असे, आणि पाटाच्या बाईला पहिल्या लग्नाच्या बाईइतका मान नसे. पुढे प्रतिष्ठेच्या ओढीने काही समाजांनी वरच्या जातींच्या रीती उचलल्या आणि पाट कमीपणाचा मानला जाऊ लागला. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ऐन तिशीत विधवा झाल्या आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी शेतात राबत, मुलांना वाढवत एकटीने काढले. कुंकू पुसले गेल्यावरही बाई मागे उरते आणि तिचे जगणे चालू राहते, हे त्यांच्या ओव्यांतून महाराष्ट्राला १९५२ नंतर कळले. ‘कुंकू’ त्याआधी पंधरा वर्षे आला होता.

दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, शांतारामबापूंनी ‘माणूस’ केला. या वेळी लग्न झालेलेच नाही. प्रश्न आहे तो लग्न होऊ शकते की नाही हा. शाहू मोडक यांचा गणपत हा पोलीस शिपाई, आणि शांता हुबळीकर यांची मैना ही वेश्यावस्तीतली बाई. तो तिला त्या वस्तीतून बाहेर काढू पाहतो आणि आपल्या आईच्या पायाशी नेतो. घरातल्या देवासमोर, आईच्या निर्मळ मायेसमोर मैनेला स्वतःचीच भीती वाटू लागते. या प्रसंगात कोणीही तिला हाकलून देत नाही, आणि तरीही ती तिथे थांबू शकत नाही. मराठी चित्रपटात समाजाची नजर बाईच्या मनात किती खोल रुतलेली असते, हे इतक्या कमी शब्दांत क्वचितच दाखवले गेले आहे. चार वर्षांपूर्वीच्या ‘देवदास’ने प्रेमभंगाने खचून दारूत बुडणाऱ्या नायकाला जी सहानुभूती मिळवून दिली होती, तिला दिलेले उत्तर म्हणूनही ‘माणूस’कडे पाहिले जाते. गणपतही कोसळतो, पण अखेर कामावर परततो.

कायदा पुढे आला, पण उशिरा. १९४६ मध्ये मुंबई प्रांताने हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी केली आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला; देशभरासाठी ही तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने झाली. नीरा दहा वर्षांनी त्या घरात आली असती, तर तिला निदान न्यायालयाचा दरवाजा ठोठावता आला असता. मैनेचे तसे नव्हते. मामाच्या खुनाबद्दल ती गजाआड गेली, आणि गणपत तिला सोडवायला आला तेव्हा तिने बाहेर येण्यास नकार दिला. ती विधवा नव्हती, टाकलेली नव्हती, कोणाची बायको तर नव्हतीच. तिच्यासाठी पाट नव्हता, मोहतूर नव्हता आणि काडीमोडही नव्हता.