स्ट्रेट पाइप सायलेन्सर : मुंबईतील कायदेशीर स्थिती

गाडीचा मफलर (म्हणजे सायलेन्सर), आवाज मऊ करणारा रेझोनेटर आणि धूर शुद्ध करणारे भाग काढून टाकायचे आणि इंजिनपासून (टर्बो असल्यास टर्बोपासून) मागच्या टोकापर्यंत एकच मोकळी नळी बसवायची, या बदलाला गॅरेजमध्ये स्ट्रेट पाइप म्हणतात. डिझेल पिकअप असो, थार असो वा बुलेट, मुंबईच्या रस्त्यावर चालणाऱ्या कोणत्याही वाहनाला अशी नळी लावणे बेकायदा आहे. आवाज किती डेसिबल भरला, हा प्रश्न त्यानंतरचा.

डिझेल पिकअपवर असा पाइप लावण्याची हौस मुळात अमेरिकेतली. तिथेही ती कायद्यात बसत नाही. प्रदूषण-नियंत्रणाची साधने काढण्यास संघराज्याच्या स्वच्छ हवा कायद्याने मनाई आहे. आवाजाची मर्यादा मात्र राज्यागणिक बदलते. मुंबईत खासगी पिकअप मोजकेच दिसतात, त्यामुळे ही हौस इथे एसयूव्हीवर आणि सर्वांत जास्त बुलेटवर भागवली जाते. ‘इंदोरी’, ‘पंजाब’, ‘गोल्डस्टार’ ही सायलेन्सरची नावे कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ असतात. त्यांतल्या काहींत आवाज दाबणारी जाळी असते. तिला ‘डीबी किलर’ म्हणतात. एक बोल्ट काढला की ती हातात येते.

कंपनीचा सायलेन्सर उभा कापला तर आत पडदे, भोके पाडलेल्या नळ्या आणि काही मॉडेलांत काचलोकर दिसते. इंजिनमधून धक्क्याधक्क्याने सुटणारा वायू या कप्प्यांतून फिरताना त्याच्या ध्वनिलहरी एकमेकींना मारतात. नळी सरळ केली की हे सगळे थांबते. टर्बो डिझेलमध्ये बाहेर पडणाऱ्या वायूने फिरणारा टर्बाइनच काही आवाज गिळतो, म्हणून ‘डिझेलला कुठे एवढा आवाज होतो’ असे सांगितले जाते. पण डिझेलच्या बाबतीत आवाजाहून धूर गंभीर आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. स्ट्रेट पाइपसाठी तो काढला की सेन्सर चूक दाखवतात आणि गाडीची ताकद आपोआप कमी होते. मग ईसीयूचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे, प्रोग्रॅमिंग बदलून सेन्सरना गप्प करावे लागते. म्हणजे ‘फक्त पाइप बदलला’ हे अशा गाडीबाबत खरे नसतेच. फुप्फुसात खोलवर जाणारे कण त्यानंतर थेट मागच्या रिक्षातल्या माणसाच्या नाकात जातात. याला हौस म्हणणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

कायदा पुरेसा स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळमधून आलेल्या प्रकरणात, हे कलम काटेकोरपणे पाळण्यावर भर दिला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० तर थेट सायलेन्सरचाच आहे : प्रत्येक वाहनाला एक्झॉस्टचा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन असलेच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ(४) खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कलम १९०(२) रस्ता-सुरक्षा, ध्वनी आणि हवा यांच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवणाऱ्यासाठी आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता आहे.

वाहन रस्त्यावर अडवले की ‘साहेब, मीटर लावून दाखवा’ हा युक्तिवाद हमखास होतो. उत्पादनाच्या वेळी लागू होणाऱ्या ध्वनिमर्यादा (१७५ सीसीवरील दुचाकीला ८० डेसिबल, नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ७४) चाचणी-मार्गावर, जोरात वेग घेणाऱ्या वाहनापासून साडेसात मीटरवर मोजतात. सायनच्या सिग्नलवर ती चाचणी होणे नाही. पण इथेच गल्लत होते. मूळ सायलेन्सर काढला आहे की नाही, हे वाकून पाहिले तरी कळते, आणि नियम १२० च्या पहिल्या भागासाठी तेवढे पुरते. पोलिसांनी आकड्याच्या वादात न पडता याच मुद्द्यावर भर द्यायला हवा.

मुंबईत हा आवाज जास्त का बोचतो, ते शहराच्या रचनेत आहे. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या गल्लीत आवाज भिंतींवर आपटत वर चढतो. रात्री दोन वाजता एक बुलेट ‘फटाके’ फोडत गेली की खाली लावलेल्या गाड्यांचे अलार्म एकामागोमाग कोकलायला लागतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आणि शांतता क्षेत्रात ४० आहे. रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये जवळजवळ लागून आहेत. तिथे उपचार घेणाऱ्यांना खिडकी बंद करण्यापलीकडे उपाय नसतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या किनारी रस्त्यावर दुचाकींना बंदी असल्याने तिथला प्रश्न मोटारींचा आहे.

वाहतूक पोलीस अधूनमधून मोहीम काढतात. जप्त केलेले सायलेन्सर पुन्हा बाजारात येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला जातो; वरळीतही असे झाले आहे. मात्र कायद्याचा भार मुख्यतः मालक आणि चालक यांच्यावर पडतो. ‘फक्त रेससाठी’ असा शिक्का मारून माल विकणारा आणि ग्राइंडरने जुना पाइप कापून नवा वेल्ड करणारा बहुधा सुटतो. दुसरी फट पीयूसीची : त्यात धूर तपासतात, आवाज नाही. व्यावसायिक पिकअपला फिटनेससाठी आरटीओत जावे लागते खरे, पण पासिंगच्या दिवसापुरता मूळ सायलेन्सर परत चढवण्याची युक्ती जुनी आहे.

फुटलेला सायलेन्सर ही वेगळी गोष्ट आहे. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात लोखंडी सायलेन्सर गंजतो, जोडावर भोक पडते आणि पहाटे दादरला भाजी घेऊन येणारा टेम्पो गुरगुरायला लागतो. वाहन मानकांनुसार राखण्याची जबाबदारी नियम १२० मालकावर टाकतो, त्यामुळे तोही सुटत नाही. तरी दुरुस्ती लांबवणारा टेम्पोवाला आणि हजारो रुपये मोजून आवाज विकत घेणारा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पहिल्याला दुरुस्तीसाठी मुदत देणे रास्त.

सेकंडहँड गाडी घेताना खाली वाकून वेल्डिंगचे जोड आणि डीपीएफची जागा पाहून घ्यावी. ‘आधीच्या मालकाने बसवला होता’ हे उत्तर कलम १९०(२) पुढे टिकत नाही, कारण ते कलम वाहन चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला लागू होते.