मोठे टायर लावलेल्या जिप्सीची ताकद जाते कुठे?

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात मारुतीच्या जुन्या जिप्सी किंगला अजून मरण नाही. हलकी गाडी, स्वतंत्र चेसिस, चारही चाकं ओढणारी, शिवाय सुटे भाग मिळायला त्रास नाही. गाडी हातात आली की पहिला बदल ठरलेला असतो. २०५/७० आर १५ चे मूळ टायर निघतात, २३५/७५ आर १५ चे जाड नक्षीचे टायर चढतात आणि ते मडगार्डला घासू नयेत म्हणून पाटे उंच केले जातात. त्यानंतर तक्रारी सुरू होतात. चोर्ला घाटाच्या चढाला गाडी दम टाकते, पाचवा गिअर नावालाच उरतो, साठच्या पुढे फरशी थरथरते आणि एखाद्या पावसाळ्यात डिफरन्शियलमधून (ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) पाणी मिसळून दुधट चहासारखं झालेलं ऑइल निघतं. मग इंजिन बोअर करायचा (सिलिंडर मोठे करायचा) विचार सुरू होतो. खरं तर इंजिनाला हात लावायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं.

२०५/७० च्या टायरचा व्यास ६६८ मिमी, तर २३५/७५ चा ७३३ मिमी. म्हणजे एका फेऱ्यात चाक जवळजवळ १० टक्के जास्त अंतर कापतं आणि रस्त्यावरचा जोर तेवढाच कमी होतो. जिप्सी किंगचा पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) लो, म्हणजे जास्त जोराचा गिअर, २.२६८ आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) ३.९०९ आहे. तिन्हींचा गुणाकार ३२.४ होतो. मोठ्या टायरनंतर त्याची किंमत २९.५ एवढीच उरते. हायमध्ये, म्हणजे ट्रान्सफर केसच्या नेहमीच्या गिअरमध्ये, पाचव्या गिअरला ताशी १०० किमीसाठी आधी इंजिनाचे मिनिटाला साधारण ३,४७५ फेरे लागायचे, आता ३,१७० लागतात. ऐकायला बरं वाटतं, पण १३०० सीसीच्या या पेट्रोल इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, सुमारे १०३ न्यूटन-मीटर, ४,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. आपण त्याला त्यापासून आणखी खाली ढकललेलं असतं. स्पीडोमीटरही आता फसवतो. काटा ६० वर असताना गाडी ६६ ने पळत असते, ब्रेक मारताना हे लक्षात ठेवावं.

दुसरा परिणाम चटकन दिसत नाही, पण मोडतोड त्यातूनच होते. टायर घसरणं ही ड्राइव्हट्रेनची सुरक्षा आहे, घरातल्या फ्यूजसारखी. माल-माणसांसह १,३०० किलोची गाडी धरली तर सपाट जागी एका चाकावर ३२५ किलो येतात. चांगल्या पकडीच्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर मूळ टायर सुमारे ७४५ न्यूटन-मीटरला घसरेल आणि मोठा टायर ८२० ला. ॲक्सल शाफ्ट मात्र तोच आहे, त्याचे स्प्लाइन (टोकावरचे दाते) तेवढेच आहेत. म्हणजे फ्यूजची तार जाड केली, वायरिंग जुनंच राहिलं. चढावर मागच्या चाकांवर वजन सरकतं तेव्हा हा आकडा आणखी वाढतो. डिफरन्शियलचे स्पायडर गिअर (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे गिअर) वेल्ड करून टाकण्याची युक्ती तर सरळ घातक आहे. एक चाक अधांतरी असेल तर सगळा टॉर्क दुसऱ्या बाजूच्या एकाच शाफ्टवर येतो, आणि डांबरी रस्त्याच्या प्रत्येक वळणावर दोन्ही शाफ्ट पिळले जातात. तसलं काम कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

गेलेली ताकद परत आणायचे दोन मार्ग आहेत. पहिला, क्राउन-पिनियनचा रेशो वाढवणं. ३.९०९ ला १.०९८ ने गुणलं की ४.२९ येतं, म्हणजे त्याच्या जवळचा रेशो शोधायचा. जुना सेट घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, दात मोजा. क्राउनचे ४३ आणि पिनियनचे ११ असतील तर ३.९०९, ३७ आणि ९ असतील तर ४.१११. डिफरन्शियल न उघडताही मोजता येतं. गिअर न्यूट्रल ठेवा, मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि जमिनीवरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. उचललेलं चाक बरोबर २० फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंतचा लांब दांडा) फेरे मोजा. ३९ च्या आसपास आले तर ३.९, ४१ आले तर ४.१. दुसरं चाक थांबलेलं असल्यामुळे क्राउनचे फेरे निम्मे होतात, म्हणून २० फेरे.

पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. जिप्सीत मधला डिफरन्शियल नाही, फोर-व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट एकत्र जखडलेले असतात. एकीकडे ३.९०९ आणि दुसरीकडे ४.१११ बसवलं तर दर किलोमीटरला एका जोडीला जवळपास ५० मीटर घसरावं लागेल. चिखलात ते खपून जाईल, डांबरावर ट्रान्सफर केसच फुटेल. दुसरा मार्ग म्हणजे ट्रान्सफर केसचे गिअरच बदलणं. एकाच ठिकाणी काम होतं, पुढं-मागं आपोआप जुळतं आणि पिनियनचे दात कमी करून तो कमजोर करावा लागत नाही. घाट आणि जंगलवाटा हेच मुख्य काम असेल तर आम्ही हाच मार्ग निवडू.

आता थरथर. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगळे असतात, त्यामुळे मधला, पुढचा आणि मागचा असे तीन शाफ्ट आणि सहा क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे, कोनात फिरू देणारे सांधे) होतात. क्रॉस कोनात फिरला की पलीकडचा वेग एकसारखा राहत नाही, दर फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. १० अंशांच्या कोनाला हा फरक दीड टक्का असतो, २० अंशांना सहा टक्क्यांच्या वर. ताशी ६० किमीला मागचा शाफ्ट मिनिटाला सुमारे १,७०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५६-५७ हिसके. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हे हिसके पुसून टाकतो, पण त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत आणि शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत. पाटे उंच केल्यावर पिनियनचा रोख बिघडतो. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून तो ट्रान्सफर केसच्या शाफ्टला समांतर करायचा. मागे हे चालतं. पुढच्या ॲक्सलला मात्र तीच पाचर लावली तर कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कल) कमी होतो, स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि गाडी रस्ता सोडून हुंदडते. पुढे थोडी थरथर सोसावी, कॅस्टरला धक्का लावू नये.

शाफ्ट सोडवण्याआधी स्लिप जॉइंटच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सांधा) दोन्ही भागांवर पंचाने खूण करा. एक दात चुकवून जोडला की योकची रेषा बिघडते, आणि मग बॅलन्सिंगवर कितीही पैसे घातले तरी थरथर जात नाही. क्रॉस बदलताना सर्क्लिप (कप जागी धरणारी कडी) काढून व्हाइसमध्ये दोन सॉकेट लावून कप दाबत बाहेर काढतात. खरी काळजी नवा कप बसवताना लागते. कपात सुईसारखे रोलर कडेने ग्रीसवर चिकटलेले असतात. क्रॉस जरा वाकडा गेला की एखादी सुई निसटून कपाच्या तळाशी आडवी पडते. मग कप पूर्ण आत जात नाही, सर्क्लिपची खाच अर्धीच दिसते आणि मेस्त्री हातोडा उचलतो. तिथेच थांबा. कप बाहेर काढा, सुया पुन्हा रचा. ठोकून बसवलेला क्रॉस काही दिवसांतच आवाज करू लागतो. बसवल्यावर योक हाताने चारही बाजूंना फिरवून बघा. तो कुठेही अडता कामा नये आणि खडखडताही कामा नये.

पाटे उंच केल्यावर स्लिप जॉइंट बाहेर येऊन पकड कमी होते, म्हणून शाफ्टची नळी लांबवावी लागते. बेळगावच्या उद्यमबागेत हे काम जाणणारे लेथवाले आहेत. वेल्डिंगनंतर नळी डायल गेजखाली फिरवून वाक तपासून घ्या आणि मगच बॅलन्स करा.

क्रॉस ठीक असूनही क्लच सोडताना धप्प आवाज येत असेल, तर ट्रान्सफर केसचे रबरी माउंट बघा. ते फाटले की लो गिअरच्या जोराने अख्खी केस वळते आणि फोर-व्हीलचा गिअर सुटतो.

आमच्या भागातल्या पावसाचा खरा मार डिफरन्शियलवर पडतो, आणि त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. घाट चढून आलेल्या डिफरन्शियलमधली हवा ८० अंश सेल्सिअसला असेल आणि ती एकदम २५ अंशांच्या ओढ्यात बुडाली, तर केल्विनमध्ये ३५३ वरून २९८ होतं. आतला दाब सुमारे १६ टक्क्यांनी पडतो. हे शोषण दीड मीटरपेक्षा जास्त पाणी वर ओढू शकेल इतकं असतं. ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची वाट) चिखलाने बुजलेला असेल तर हवा आत यायला वाट नसते, म्हणून पाणी ऑइल सीलच्या ओठाखालून आत येतं. उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला पेट्रोल होज बसवून ती इंजिनखोलीत बोनेटच्या उंचीपर्यंत न्या, तोंड खाली वळवा आणि टोकाला छोटा फिल्टर लावा. दोन्ही ॲक्सल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स, चारही ठिकाणी. ओढा पार करण्याआधी दहा मिनिटं थांबून गाडी निवू दिली तरी पुष्कळ फरक पडतो. पुढच्या नकलचे (चाक वळवणारा सांधा) सीलही दर पावसाळ्यानंतर उघडून बघा. तांबडी माती ग्रीसमध्ये मिसळली की ती घासकागदाचं काम करते.

ऑइलच्या बाबतीत एकच चूक वारंवार दिसते. डिफरन्शियलला ८०डब्ल्यू-९० जीएल-५ लागतं, कारण क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत फिरतात. उरलेलं तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतलं जातं. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) मानवत नाहीत आणि दुसरा गिअर कुरकुरायला लागतो. तिथे ७५डब्ल्यू-९० जीएल-४ च घाला. गिअरबॉक्सला सुमारे १.३ लिटर, ट्रान्सफर केसला ०.८, पुढच्या डिफरन्शियलला २ आणि मागच्याला १.५ लिटर लागतं. गाडी सपाट जागी उभी करून भरण्याच्या भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भरायचं.

बदल करताना कायदाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या मूळ तपशिलाला बाधा आणणारे बदल करता येत नाहीत, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. केए-२२ (बेळगाव) असो वा एमएच-०९ (कोल्हापूर), नियम एकच.

नवा क्राउन-पिनियन बसवताना दातांना ब्लू (निळा रंग) लावून ठसा बघतात. ठसा दाताच्या मध्यावर हवा. दाताच्या शेंड्याकडे सरकला असेल तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, बुडाकडे असेल तर जास्त आत गेला आहे. दोन्ही शिमने (पातळ चकत्यांनी) सुधारतात. दातांमधला खेळ डायल गेजवर साधारण ०.१० ते ०.२० मिमीच्या आत हवा. पिनियनचा नट आवळताना आतला स्पेसर चेपून बेअरिंगला ताण मिळतो. नट जास्त आवळला गेला तर तो सैल करून भागत नाही, कारण चेपलेला स्पेसर परत फुगत नाही. तो नवीनच घालावा लागतो. पहिले ५०० किमी ओझं ओढायचं नाही आणि सलग घाट चढायचा नाही. अर्धा तास चालवून गाडी निवू द्यायची. मग ऑइल काढून टाका आणि गाळलेल्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवा. त्यावर बारीक करडा लेप आला तर सेट नीट बसतोय. बोटाला टोचतील असे कण आले तर गाडी पुढे नेऊ नका, कव्हर पुन्हा उघडा.