एएफएसवरील फाइल उघडत नसल्यास अर्ज कोणी, कोणाकडे आणि कसा करावा

नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथून दूरच्या संस्थेच्या एएफएस या वितरित फाइल प्रणालीवर काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला परवानगी नाकारल्याचा संदेश आला, की तो बहुधा थेट सिस्टिम प्रशासकाकडे अर्ज करतो. मात्र अशा अर्जाचा निर्णय पुष्कळदा प्रशासकाच्या हाती नसतो, म्हणून आधी दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एएफएसला आपली ओळख टोकनवरून पटते आणि ते टोकन कर्बेरोस या ओळख पटवणाऱ्या प्रणालीच्या तिकिटावरून मिळते. 'टोकन्स' ही आज्ञा दिल्यावर यादी रिकामी दिसली, तर कर्बेरोसच्या तिकिटाची मुदत संपलेली असू शकते. नवे तिकीट घेणारी 'केइनिट' आणि मग त्यावरून टोकन घेणारी 'एकेलॉग' ही आज्ञा चालवली की बहुतेक वेळा काम होते. आपल्याकडे वीज जाते-येते, आणि मदरबोर्डवरील सेल संपलेला जुना संगणक वीज आल्यावर भलतीच तारीख दाखवत सुरू होतो. घड्याळात साधारण 5 मिनिटांहून अधिक फरक असला, तर पासवर्ड बरोबर असूनही कर्बेरोस तिकीट देत नाही. अशा वेळी अर्ज नको, घड्याळ लावावे.

दुसरी गोष्ट अधिकारांची. एएफएसमध्ये वाचण्या-लिहिण्याचे अधिकार फाइलनिहाय नव्हे, तर फोल्डरनिहाय दिलेले असतात. फाइलचे नाव दिसते पण ती उघडत नाही, तेव्हा 'एफएस लिस्टएसीएल' या आज्ञेने पाहावे; आपल्या किंवा आपल्या गटाच्या नावापुढे 'एल' (नावांची यादी पाहणे) असून 'आर' (वाचणे) नसेल, तर वाचण्याचा अधिकारच दिलेला नाही. तो देण्याचे काम त्या फोल्डरवर 'ए' (अधिकार बदलण्याचा) अधिकार असलेल्या व्यक्तीचे, बहुधा मार्गदर्शकांचे किंवा प्रकल्पप्रमुखांचे असते, त्यामुळे विनंती त्यांच्याकडेच करावी.

खाते बंद पडले असेल, जागेची मर्यादा संपली असेल किंवा सर्व्हर कोणालाच प्रतिसाद देत नसेल, तरच प्रशासकाकडे जावे. चालू खाते असलेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. मुदत संपलेल्या खात्यासाठी किंवा जादा जागेसाठी मार्गदर्शकांचे संमतिपत्र जोडणे इष्ट. अर्जात वापरकर्तानाव, एएफएस सेलचे (म्हणजे त्या संस्थेच्या एएफएस क्षेत्राचे) नाव, फाइलचा संपूर्ण मार्ग, त्रुटीचा संदेश जसाच्या तसा आणि भारतीय प्रमाणवेळेचा उल्लेख करून घटनेची वेळ लिहावी. 'टोकन्स' आणि 'एफएस लिस्टएसीएल' या दोन्ही आज्ञांचे उत्तर मजकूर म्हणून चिकटवावे, पडद्याचा मोबाइलवर काढलेला अस्पष्ट फोटो पाठवू नये. पासवर्ड कोणी मागितला तरी देऊ नये.

एखाद्या गटात नाव घातल्याचे कळूनही फाइल उघडली नाही, तर लगेच दुसरा अर्ज करू नये. 'अनलॉग' या आज्ञेने जुने टोकन टाकून नवे घ्यावे, कारण जुन्या टोकनवर सर्व्हर जुनेच गट धरून चालतो.