चेतापेशींतील संदेशवहन

चेतापेशींतील संदेशवहन : एका चेतापेशीकडून दुसरीकडे, स्नायूकडे वा ग्रंथीकडे संदेश पोहोचण्याची क्रिया. पेशीच्या आत हा संदेश विद्युत स्वरूपाचा असतो. विश्रांत अवस्थेत पेशीपटलाची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. पुरेशी चेतना मिळताच सोडियम आयन आत शिरतात, पाठोपाठ पोटॅशियम आयन बाहेर पडतात आणि हा बदल अक्षतंतूवरून, म्हणजे पेशीच्या लांब धाग्यावरून, पुढे सरकतो. हॉजकिन व हक्सली यांनी १९५२ मध्ये याचे गणित मांडले, ते माकुळाच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून.

वाद झाला तो दोन पेशींमधल्या जागेवरून. इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जी यांच्या मते चेतापेशींचे अखंड जाळे असते. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी गॉल्जींचीच रंजनपद्धती (पेशी रंगवून पाहण्याची रीत) वापरून प्रत्येक पेशी सुटी असल्याचे दाखवले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, तरी गॉल्जींनी आपला पक्ष सोडला नाही. दोन पेशी जिथे भेटतात त्या संपर्कस्थानातील फट जेमतेम २० ते ४० नॅनोमीटर रुंद. ती प्रत्यक्ष दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. काहालांचे मत ग्राह्य ठरले.

ही फट ओलांडते ते विद्युत की रसायन? ओटो लोव्ही यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) उद्दीपित केली, ठोके मंदावले. त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा तेही मंदावले. लोव्हींच्या उतारवयातील आठवणीत हा प्रयोग १९२० चा आहे. निबंध १९२१ चा असल्याने तेच वर्ष धरणे बरे. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. काही संपर्कस्थाने विद्युतच असतात, हे नंतर आढळले.

सोलापूरसारख्या शेतीच्या जिल्ह्यात ही क्रिया लक्षात येते ती बहुधा बिघडल्यावर. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांमुळे अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन थांबते : बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, स्नायू फडफडतात. नागाचे विष स्नायूवरील ग्राही, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन जिथे जोडले जाते त्या जागा, अडवते. मण्यारीचे विष चेताग्रेच निकामी करते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही दिसत नाही. पहाटे पोट दुखते म्हणून ओवा देऊन थांबणे जिवावर बेतू शकते. पुढे पापण्या उचलत नाहीत, गिळता येत नाही, श्वास अडतो. निकामी झालेली चेताग्रे प्रतिविषाने लगेच सुधारत नाहीत. ती पुन्हा तयार होईतो, प्रसंगी काही दिवस, रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.