प्रॉक्सी आणि व्हीपीएनवरचा पेमेंट-तपासणीचा संशय: पार्श्वभूमी

व्हीपीएन (आपली सगळी इंटरनेट वाहतूक दुसऱ्याच ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) चालू ठेवून कार्डाने पैसे भरले की व्यवहार अडतो आणि तो बंद केला की तेच कार्ड निमूट चालते, हा अनुभव आता इतका सर्रास झाला आहे की यामागे कुठेतरी एक लेखी नियम असणार, असे बहुतेकांनी धरूनच टाकले आहे. असा एक नियम नाही. आहे तो पंचवीसएक वर्षांत थरावर थर चढत गेलेला संशय. त्यातला सर्वांत जाड थर २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चढला, आणि आजच्या बऱ्याच नकारांचे मूळ त्या काळातल्या एका निर्णयापर्यंत जाते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. कार्ड समोर नसताना झालेल्या व्यवहाराबद्दल कार्डधारकाने ‘हा मी केलाच नाही’ असे कळवले की चार्जबॅक येतो, आणि माल गेलेला व पैसेही परत गेलेले अशी विक्रेत्याची अवस्था होते. त्यामुळे तपासणीची निकड बँकेपेक्षा विक्रेत्याला जास्त होती. त्याच्या हातात फार काही नव्हते: बिलाचा पत्ता, कार्डावरचे सुरक्षा अंक, ई-मेल आणि ऑर्डर ज्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून) आली तो पत्ता. यातल्या पहिल्या गोष्टी चोरीच्या कार्डाबरोबरच चोराच्या हाती पडत. आयपी पत्ता मात्र त्याला फॉर्ममध्ये हवा तसा टाइप करता येत नव्हता. म्हणून भिस्त त्यावर आली. शतक उलटण्याच्या सुमारास आयपी पत्त्यावरून देश सांगणाऱ्या याद्या विकत मिळू लागल्या. कार्डाच्या पहिल्या सहा अंकांवरून बँकेचा देश, बिलावरचा देश आणि आयपीचा देश, हे तीन जुळतात का ते पाहायचे. जुळले तर माल पाठवायचा.

चोरांना उत्तर शोधायला वेळ लागला नाही. त्या काळी इंटरनेटवर उघडे प्रॉक्सी, म्हणजे कुणाचीही वाहतूक स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठवणारे मध्यस्थ सर्व्हर, ढिगाने होते. कुणीतरी बसवलेले, १०८०, ३१२८ किंवा ८०८० हे पोर्ट (सर्व्हरचे क्रमांक दिलेले दरवाजे) साऱ्या जगाला उघडे राहिलेले आणि मग विसरले गेलेले सर्व्हर. शिवाय २००३ साली गाजलेल्या एका ई-मेल विषाणूच्या काही आवृत्त्या संसर्ग झालेल्या संगणकावर चक्क प्रॉक्सी बसवून जात. कार्ड ज्या देशाचे, त्याच देशातला एखादा प्रॉक्सी निवडला की तिन्ही देश जुळत.

या प्रॉक्सींच्या याद्या आधी स्पॅमशी लढणाऱ्यांनी बनवल्या आणि पेमेंटवाल्यांनी त्या तिथून उचलल्या. ही उसनवारी महत्त्वाची आहे. ई-मेलच्या जगात उघड्या प्रॉक्सीवरून पत्र येण्याला सहसा काही प्रामाणिक कारण नसते, त्यामुळे यादीत नाव आहे एवढ्यावर पत्र फेकून देणे रास्त होते. खरेदीदाराचे तसे नाही. तो ऑफिसच्या, कॉलेजच्या, हॉटेलच्या किंवा स्वतःच्या इंटरनेट कंपनीच्या मध्यस्थ सर्व्हरमागे असू शकतो, आणि हे त्याला ठाऊकही नसते. एका क्षेत्रात जवळजवळ खात्रीचा असलेला पुरावा दुसऱ्या क्षेत्रात केवळ शक्यता दाखवणारा होता. पण यादीबरोबर तिच्यावरचा विश्वासही जसाच्या तसा आला.

आता तो निर्णय. आयपीवरून देश सांगणाऱ्या, अतिशय मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या एका यादीत देशाच्या रकान्यात दोन अक्षरी कोड येत असे. त्याच रकान्यात दोन असे कोड होते जे कोणत्याच देशाचे नव्हते: ‘ए१’ म्हणजे अनामिक प्रॉक्सी आणि ‘ए२’ म्हणजे उपग्रहावरून सेवा देणारी कंपनी. हे करण्यामागे तर्क होता. प्रॉक्सीच्या पलीकडचा माणूस कुठे बसला आहे ते सांगता येत नसेल, तर सर्व्हरचा देश सांगणे दिशाभूल करणारे ठरेल. त्यापेक्षा ‘ठाऊक नाही, आणि का ठाऊक नाही ते हे’ असे सांगणे जास्त प्रामाणिक. बनवणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय सावधपणाचाच होता.

वापरणाऱ्यांच्या बाजूला त्याचे काय झाले ते पाहायला हवे. विक्रेत्याच्या प्रणालीत नियम असा असे: आयपीचा देश बिलाच्या देशाशी जुळत नसेल तर ऑर्डर थांबवा. ‘ए१’ हा जगातल्या कोणत्याही बिलाच्या देशाशी जुळूच शकत नाही. म्हणजे ‘ठाऊक नाही’ हे उत्तर यंत्राच्या लेखी ‘जुळत नाही’ झाले. आणखी पुढे, धोक्याचे देश म्हणून विक्रेते जी यादी ठेवत, तीत ‘ए१’ टाकून देणे सर्वांत सोपे होते. एका ओळीचे काम. अशा रीतीने प्रॉक्सी हा एक देश झाला, आणि तोही काळ्या यादीतला. सर्व्हर खरोखर कोणत्या देशात आहे ही माहिती, जी थोडीफार तरी उपयोगी पडली असती, ती रकाना आधीच भरल्यामुळे हाती उरत नसे. ‘ए२’चे हाल तर अधिक वाईट. भर समुद्रातल्या जहाजावरचा किंवा तारांचे जाळे न पोहोचलेल्या मुलखातला माणूस उपग्रहावरून जोडला जाई आणि त्याचा आयपी दुसऱ्याच कुठल्या देशातल्या भू-केंद्राचा असे. त्याने काहीही लपवलेले नसे, तरी त्याची ऑर्डर चोरांच्या रांगेत जाई.

या निर्णयाचे समर्थक आजही भेटतात. त्यांचे म्हणणे असे की त्या काळातला ‘ए१’ बहुतेकदा खरोखरच उघडा प्रॉक्सी असे, सामान्य गिऱ्हाईक व्हीपीएन वापरत नसे आणि छोट्या विक्रेत्याकडे प्रत्येक ऑर्डर हाताने तपासायला माणसे नव्हती. यातले पहिले दोन मुद्दे त्या काळापुरते मान्य करावे लागतात. माझा आक्षेप वेगळा आहे. गुण मोजणाऱ्या त्या वेळच्या सूत्रांमध्ये फुकटच्या ई-मेलला इतके, आयपीचे ठिकाण आणि बिलाचा पत्ता यांतल्या अंतराला इतके, प्रॉक्सीला इतके अशी ठरलेली वजने होती. प्रॉक्सीचे वजन एक बाब म्हणून राहिले असते तर ते पुढे कमी-जास्त करता आले असते. देशाच्या रकान्यात बसल्यावर ते वजन राहिलेच नाही, ते कुंपण झाले.

आणि कुंपणाची एक अडचण अशी की ते चुकीचे आहे हे कधी कळत नाही. मंजूर केलेली ऑर्डर फसवी निघाली तर दोन-तीन महिन्यांत चार्जबॅक येतो, नुकसान आकड्यात दिसते. नाकारलेली ऑर्डर प्रामाणिक होती का, हे सांगणारा कोणताही कागद कधीच येत नाही. तो ग्राहक दुसरीकडे खरेदी करतो किंवा करतच नाही. पुढे नियमांची जागा आकडेशास्त्रीय मॉडेलांनी घेतली तेव्हा ती याच इतिहासावर शिकवली गेली. त्या इतिहासात प्रॉक्सीवरून आलेल्या बहुतेक ऑर्डरींचा शेवट नकारात होता, आणि नकाराचा निकाल नोंदलेला नव्हता. जुना संशय नव्या यंत्रात असा झिरपला. यावर एकच खरा उपाय आहे: अडवायच्या ठरलेल्या ऑर्डरींपैकी थोड्या, यदृच्छेने निवडून, मुद्दाम जाऊ द्यायच्या आणि त्यांचे पुढे काय होते ते मोजायचे. पेमेंट हाताळणाऱ्या काही मोठ्या कंपन्या हे करतात. छोट्या विक्रेत्याला तो तोटा सोसवत नाही, म्हणून त्याचे कुंपण अजूनही चुकीचे सिद्ध होत नाही.

‘ए१’ आणि ‘ए२’ वापरणाऱ्या त्या यादीच्या २०१३ च्या सुमारास आलेल्या नव्या आवृत्तीत देशाचा रकाना देशाला परत मिळाला. अनामिक असणे ही वेगळी खूण झाली आणि मग तिचेही तुकडे पडले: व्हीपीएन वेगळा, सार्वजनिक प्रॉक्सी वेगळा, टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याचे बाहेर पडायचे टोक वेगळे, डेटा सेंटर (भाड्याचे सर्व्हर ठेवण्याची जागा) वेगळे. जुनी आवृत्ती मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे मिळत राहिली, आणि तिच्यावर लिहिलेले नियम चालू राहिले.

दरम्यान लोक बदलले होते. २०१३ मधल्या सरकारी पाळतीच्या गौप्यस्फोटानंतर आणि देशानुसार चित्रपट-मालिका बंद ठेवणाऱ्या सेवांमुळे व्हीपीएन घरोघरी पोहोचला. २०२० मध्ये ऑफिसेच घरी आली आणि लाखो कर्मचाऱ्यांची सगळी वाहतूक कंपनीच्या व्हीपीएनमधून, कधी कधी परदेशातल्या मुख्यालयातून, बाहेर पडू लागली. आयपी पत्ता आणि माणूस यांचे नातेही सैल झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा केंद्रीय साठा संपला. इंटरनेट कंपन्यांनी एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवायला सुरुवात केली आणि त्यासाठी २०१२ मध्ये पत्त्यांचा एक खास गट राखून ठेवला गेला. एका आयपीवरून तासाभरात वीस ऑर्डरी आल्या की चोर समजा, हा जुना हिशेब मोबाइल नेटवर्कवर निरर्थक झाला.

तपासणीवाल्यांनी मग पत्त्याच्या यादीपलीकडे पाहायला सुरुवात केली. आधी फ्लॅशचा आधार घेतला गेला. ब्राउझरची वाहतूक प्रॉक्सीतून जात असली तरी फ्लॅशला थेट जोडणी उघडता येई आणि खरा पत्ता उघडा पडे. २०१५ च्या सुरुवातीला ब्राउझरमधल्या व्हिडिओ-संवादाच्या सोयीतूनही असाच पत्ता निसटतो हे जाहीर झाले. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती गळती आवळत नेली आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅश संपला.

टिकल्या त्या अप्रत्यक्ष खुणा. त्यातली एक जवळून पाहण्यासारखी आहे. जोडणीची पहिली हातमिळवणी प्रॉक्सी स्वतः करतो, पण त्यानंतरच्या एन्क्रिप्शनच्या देवघेवीला उत्तर खऱ्या ब्राउझरलाच द्यावे लागते. समजा पहिल्या हातमिळवणीला २० मिलिसेकंद लागले आणि दुसऱ्या देवघेवीच्या प्रत्येक फेरीला २२०. उरलेले २०० मिलिसेकंद प्रॉक्सीच्या मागच्या वाटेचे आहेत. पत्ता शेजारच्या शहराचा दिसत असला तरी माणूस दुसऱ्या खंडात असण्याची शक्यता बळावते. ही खूण प्रॉक्सीला लागू पडते, व्हीपीएनला नाही, कारण व्हीपीएनमध्ये दोन्ही देवघेवी ग्राहकाचे यंत्रच करते. तिथे दुसरे काही पाहतात: व्हीपीएन माहितीच्या प्रत्येक पाकिटाभोवती आपले वेष्टन घालतो, आणि या ‘बोगद्या’मुळे पाकिटाची कमाल लांबी नेहमीच्या १५०० बाइटांवरून १४२० किंवा तत्सम आकड्यावर आलेली असते, किंवा ब्राउझरचे घड्याळ एका देशाच्या वेळेवर आणि पत्ता दुसऱ्या देशाचा असतो. दोन्ही साधनांना ‘अनामिक’ म्हणून एकाच पोत्यात घालणे किती ढोबळ होते, हे इथे नेमके दिसते.

पण याच काळात चोर त्या पोत्यातून निघून गेले. २०१५ मध्ये एक लोकप्रिय फुकट व्हीपीएन आपल्या वापरकर्त्यांच्याच जोडण्या दुसऱ्यांना भाड्याने देत असल्याचे उघड झाले. फुकटच्या अ‍ॅपमध्ये एक छोटा तुकडा घुसवून घरगुती जोडण्या गोळा करणे आणि त्या शहरानुसार विकणे हा त्यानंतर उघड धंदाच झाला. त्याचे बेकायदा रूप मे २०२४ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी मोडून काढलेल्या एका जाळ्यात दिसले: १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते, बरेचसे फुकट व्हीपीएन अ‍ॅपमधून संसर्ग झालेल्या संगणकांचे. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार त्यावरून महासाथीच्या काळातल्या बेरोजगारी भत्त्याचे ५ लाख ६० हजार खोटे दावे झाले आणि ५.९ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गेली. यादीत पाहिले तर हे पत्ते घरगुती, स्वच्छ आणि कार्डधारकाच्याच शहरातले. म्हणजे पैसे देऊन घेतलेला प्रामाणिक व्हीपीएन डेटा सेंटरमध्ये सापडतो आणि अडतो, आणि भाड्याने घेतलेल्या चोरीच्या पत्त्यावरून आलेला माणूस पुढे जातो. ज्याचा संगणक असा वापरला गेला, त्याचा पत्ता पुढे काळ्या यादीत जातो तो वेगळाच.

नियामकांनी व्हीपीएनबद्दल थेट काही ठरवलेले नाही. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमांत कमी धोक्याच्या व्यवहाराला दुहेरी पडताळणीतून सूट हवी असेल तर पैसे देणाऱ्याचे ठिकाण ‘असामान्य’ नसावे, अशी एक अट आहे. असामान्य म्हणजे काय, हे त्या-त्या संस्थेवर सोडले आहे. २०१६ मध्ये आलेल्या पडताळणीच्या नव्या प्रमाणकानुसार ब्राउझरचा आयपी पत्ता विक्रेत्याकडून थेट कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत जातो. त्यामुळे आता विक्रेत्याने माफ केलेला व्हीपीएन बँकेत अडू शकतो, आणि नेमका कुणी नकार दिला हे ग्राहकाला कळणे आणखी अवघड झाले आहे.

२०२१ मध्ये फोन बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने आपल्या ब्राउझरची वाहतूक दोन टप्प्यांच्या मध्यस्थांतून फिरवायला सुरुवात केली, बाहेर पडणाऱ्या पत्त्यांची यादी जाहीर केली आणि प्रत्येक पत्त्यासोबत ढोबळ ठिकाणही दिले. तपासणी-सेवांना यासाठी नवी खूण काढावी लागली: मध्यस्थ आहे, पण देश विश्वासार्ह आहे. जिथे ती खूण वाचली जाते तिथे असा व्यवहार साध्या जोडणीसारखा पाहिला जातो, किंवा फार तर ओटीपी मागितला जातो. जिथे नियम अजून ‘अनामिक असेल तर थांबवा’ एवढाच आहे, तिथे तोही नाकारला जातो.